अप्पर, डिपर आणि तो निळा दिवा

स्टिअरिंगमागे वेगाचा काटा असतो ना, त्याच पॅनेलवर एक इवलासा निळा दिवा असतो. तांबडा म्हणजे गडबड आहे, पिवळा म्हणजे लक्ष दे, हिरवा म्हणजे काहीतरी नीट चालू आहे. आणि हा निळा म्हणजे "तुझे हेडलाइट आत्ता अप्परवर आहेत". (काही गाड्यांत इंजिन थंड असल्याचंही निळं चिन्ह येतं, पण ते थर्मामीटरच्या आकाराचं असतं.) गेल्या शुक्रवारी ऑफिसात जेवताना सहज विचारलं, तर टेबलावरच्या आठ जणांपैकी तिघांनाच हे माहीत होतं. आठही जण इंजिनिअर. आठही जण रोज गाडी चालवणारे!

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. समोरून अप्पर मारत गाडी आली की डोळ्यांपुढे काही सेकंद नुसता पांढरा पडदा असतो. समजा डोळा सावरायला पाच सेकंद लागले. ताशी ६० किलोमीटर वेगाला एका सेकंदात साधारण पावणेसतरा मीटर जातात, म्हणजे पाच सेकंदांत ८० मीटरच्या वर. एवढं अंतर आपण आंधळे असतो, आणि कोकणात उतरणाऱ्या घाटात ८० मीटरमध्ये एक अख्खं वळण येऊन जातं.

म्हणून या दिव्यांचा इतिहास धुंडाळायला बसलो. वाटलं होतं, जास्त उजेड कसा पाडायचा याची गोष्ट असेल. निघालं भलतंच. उजेडाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच जवळजवळ सुटला होता. त्यानंतरची सगळी डोकेफोड 'मला दिसलं पाहिजे' आणि 'तुझे डोळे दिपता कामा नयेत' या भांडणाची आहे. आणि त्या भांडणावरचे बरेचसे तोडगे बॉनेटच्या पुढे नाहीत, आत ड्रायव्हरच्या हातापायाशी सापडतात.

पहिल्या मोटारींना घोडागाडीसारखे तेलाचे दिवे असत. त्यांच्या उजेडात कुणाचे डोळे दिपणं शक्यच नव्हतं. रस्ता दिसला तरी खूप. मग आले अ‍ॅसिटिलिनचे दिवे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं, गॅस तयार होतो, तो पेटवायचा. (हो, तेच कार्बाइड, ज्याने आंबे पिकवायला बंदी आहे आणि तरी लोक पिकवतात.) ज्योत झकास पांढरी, वारापावसात टिकणारी. पण हा सगळा व्याप रोज साफ करायचा म्हणजे वैताग. १९०४च्या सुमाराला अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये कार्ल फिशर आणि जेम्स अ‍ॅलिसन यांनी प्रेस्ट-ओ-लाइट नावाने भरलेल्या गॅसचे सिलिंडर विकायला सुरुवात केली. रिकामा द्या, भरलेला घ्या. आपल्या घरच्या गॅससारखंच! त्यांच्या कारखान्यात स्फोटही झाले, तरी धंदा तुफान चालला. इंडियानापोलिसचा जगप्रसिद्ध रेस ट्रॅक १९०९मध्ये उभारणाऱ्यांत हेच दोघे होते.

दिवा लावायला मात्र गाडीतून उतरून काडी ओढावी लागे. चालकाच्या हाताशी काहीच नव्हतं. ते बदललं १९१२च्या कॅडिलॅकमध्ये. चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या डेल्को कंपनीने विजेचा स्टार्टर, बॅटरी, ती चार्ज करणारा जनरेटर आणि दिवे अशी एक सलग व्यवस्था बसवली. आत बसून बटण दाबलं की पुढे उजेड.

आणि इथेच भांडण सुरू झालं. विजेचे दिवे प्रखर, गाड्यांची संख्या वाढलेली, रस्ते अरुंद. समोरच्याला दिसेनासं झालं. मग दिवा खाली वाकवायची सोय आली. १९१५मध्ये गाइड लॅम्प कंपनीने असा दिवा आणला, पण तो वाकवायला गाडी थांबवून खाली उतरायचं! समोरून गाडी येतेय, तुम्ही ब्रेक मारताय, उतरताय, दिव्याला नमस्कार घालायला लावताय... कोण करणार? आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर होतं, युजर इंटरफेस नव्हता. दोनच वर्षांत, १९१७मध्ये, कॅडिलॅकने त्यासाठी आतून ओढायचा दांडा दिला. १९२४मध्ये युरोपात ओसरामचा 'बायलक्स' बल्ब आला, एकाच बल्बात दोन फिलामेंट, म्हणजे आता काहीही हलवायची गरज उरली नाही. एक विझवायचं, दुसरं पेटवायचं. १९२७च्या आसपास त्याचं बटण क्लचशेजारी जमिनीवर गेलं, डाव्या पायाने दाबायला.

हे पायातलं बटण मी लहानपणी मामाच्या जुन्या जीपमध्ये पाहिलंय. मामा घाटात समोरची गाडी दिसली की न बघता पाय सरकवायचा, 'टक्', आणि उजेड खाली. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. पावसाळ्यात चिखलपाणी जाऊन ते बटण अडकायचं, मग त्याला रॉकेल पाजावं लागे, तो भाग वेगळा. अमेरिकेत काही पिकअपमध्ये हे बटण नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकलं. पुढे सगळीकडे ते स्टिअरिंगच्या दांड्यावर आलं. आपल्याकडे मात्र ट्रकच्या मागे 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' एवढं रुजलं, की २०१६मध्ये टाटा मोटर्सच्या ट्रकचालकांसाठीच्या आरोग्य मोहिमेत निरोधलाही 'डिपर' हेच नाव दिलं गेलं. :)

असो. मूळ रस्त्यावर येऊ.

१९४०च्या मॉडेलपासून अमेरिकेने एक जबरदस्त निर्णय घेतला. सगळ्या गाड्यांना एकच दिवा: गोल, सात इंची, काच-रिफ्लेक्टर-फिलामेंट सगळं एकत्र सीलबंद. 'सील्ड बीम'. त्याआधी रिफ्लेक्टरवरचा चांदीचा मुलामा काळा पडायचा, आत धूळ शिरायची, आणि दोनतीन वर्षांत दिवा निम्म्यावर येऊन मालकाला पत्ताही लागत नसे. आता फिलामेंट गेलं की अख्खा दिवाच नवा. तोही कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळणारा. १९४० साली याहून शहाणा निर्णय शक्य नव्हता असं माझं मत आहे.

पण कायद्याने 'समोर एवढा उजेड पडला पाहिजे, समोरच्याच्या डोळ्यांत एवढाच जाता कामा नये' असं सांगून थांबायला हवं होतं. त्याने दिव्याचा आकारच ठरवून टाकला. कोड लिहिणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे: स्पेसिफिकेशनमध्ये परिणाम लिहायच्या ऐवजी अंमलबजावणी लिहिली की ती दगडावरची रेघ होते. पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकेत डिझायनर त्या ठरीव आकारांभोवती गाड्या काढत राहिले. १९५७-५८पासून चार लहान गोल दिवे चालले, सत्तरीच्या दशकात चौकोनी चालले, बस. सित्रोएनने १९६७मध्ये डीएस गाडीला स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे दिले. वळणावर उजेड आधी पोचायचा! अमेरिकेत ते चालले नाहीत. फोर्डच्या अर्जावरून नियम सैल झाला तो १९८३मध्ये.

युरोप दुसऱ्या वाटेने गेला. १९६२मध्ये तिथे हॅलोजन बल्ब आला आणि १९७१मध्ये एच-४. आपल्याकडे अजूनही लाखो गाड्यांत आहे तो हाच, डिपर ५५ वॉट, अप्पर ६० वॉट. जुना झालेला एक हातात घेऊन बघा. दोन फिलामेंट दिसतील आणि त्यांतल्या एकाखाली चमच्यासारखी छोटी पत्र्याची वाटी. सगळी गंमत त्या वाटीत आहे. डिपरचं फिलामेंट पेटलं की वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते. तो फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. भिंतीवर पाहिलं तर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते: खाली उजेड, वर अंधार. आपल्याकडे ती रेघ डावीकडे थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो. कडेचा माणूस, सायकलवाला दिसावा म्हणून.

म्हणूनच हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवून 'काय मस्त उजेड पडतो' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागच्या, विशिष्ट आकाराच्या फिलामेंटसाठी मिलिमीटरच्या हिशेबाने घडवलेला असतो. उजेडाचा उगम जरा सरकला की रेघ विस्कटते. उजेड वाढतो खरा, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत. मुळातूनच एलईडीसाठी घडवलेल्या दिव्यांची गोष्ट वेगळी.

आता रेघ आली म्हणजे ती नेमकी कुठे पडते हे आलंच. मागे तीन माणसं, डिकीत सामान, गाडीचं बूड खाली बसतं आणि नाक वर येतं. १९४८च्या सित्रोएन टू-सीव्ही या साध्यासुध्या गाडीत यासाठी आत एक गोल बटण दिलं होतं. ते फिरवलं की सळईच्या जोडणीने दोन्ही दिवे खाली-वर. त्याचीच नातवंडं तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या आसपास असतात: ०, १, २, ३ असे आकडे असलेलं छोटं चाक. ० म्हणजे पुढे एकदोन माणसं. आकडा वाढला की दिवा खाली. बहुतेकांना ते आवाजाचं किंवा एसीचं काहीतरी वाटतं.

त्याने काय फरक पडतो? हिशेब करू. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आणि रेघ दर दहा मीटरला १० सेंटीमीटर खाली उतरणारी असली, तर उजेड ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. आता ओझ्याने गाडीचं नाक फक्त एक अंश वर आलं, तर तीच रेघ दर दहा मीटरला साडेसात सेंटीमीटर वर चढू लागते. ६० मीटरवर ती ११० सेंटीमीटर उंचीवर असते, म्हणजे साधारण समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांवर. तुम्ही प्रामाणिकपणे डिपरवर आहात, निळा दिवा विझलेला आहे, आणि समोरचा शिव्या घालतोय.

आपल्याकडचा यावरचा जुना उपाय म्हणजे दिव्याच्या काचेवर काळी पट्टी किंवा ठिपका. ज्येष्ठांना १९७१च्या युद्धातला ब्लॅकआउटही आठवत असेल, मुंबईत हेडलाइटची वरची अर्धी काच काळी रंगवायचे. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ला ब्लॅकआउट सुरू झाला आणि हेडलाइटवर फटींचे मुखवटे चढले. १९४१मध्ये तिथे रस्त्यांवर नऊ हजारांहून जास्त माणसं मेली. आजवरचा तिथला सर्वांत वाईट आकडा. बॉम्बच्या भीतीने दिवे झाकले होते, ते निदान समजण्यासारखं. पण नुसती डोळे दिपू नयेत म्हणून काळी पट्टी ही मला आळशी युक्ती वाटते. ती उजेड कमी करते, त्याची दिशा सुधारत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर दिशेचंच बोललंय: दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवता कामा नये.

एक नवा घोळ आतल्या उजेडाचाही आहे. पूर्वी पार्किंग लाइट लावल्याशिवाय मीटर उजळत नसे. काटा दिसेना म्हणजे दिवे लावायची वेळ झाली, हा फुकटचा अलार्म होता. आताचे डिजिटल मीटर दिवसरात्र लखलखतात आणि लोक संध्याकाळी बिनदिव्याचे निघतात. रात्री तेच लखलखणं अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना घातक, म्हणून पॅनेलचा उजेड कमी करायची सोय शोधा आणि वापरा.

कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखून तेवढाच तुकडा विझवणारे दिवे युरोपात बरीच वर्षं आहेत. अमेरिकेने त्यांना परवानगी दिली फेब्रुवारी २०२२मध्ये! १९४०ची सवय अशी जात नाही.

तोवर रविवारचं काम. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागी, ड्रायव्हर सीटवर, चाक शून्यावर. सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटर मागे उभे राहा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची खूण करा. डिपरची रेघ तिच्या १० सेंटीमीटर खाली पडायला हवी. नसेल, तर दिव्यामागे स्क्रू असतो, तो हळू फिरवा किंवा गॅरेजवाल्याला सांगा. हॅलोजन बदलताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून बल्ब लवकर जातो. बाहेरची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्टने चमकते, पण वरचा ऊनरोधक थर गेलेला असल्याने काही महिन्यांत पुन्हा तीच दशा. पॉलिश करून नवा थर चढवून घेतलेला बरा.

पुढच्या शनिवारी वायपर. त्यात तर कोर्टकचेऱ्यासुद्धा आहेत.