व्हीएनआयटीचा ‘होम स्टेट’ कोटा नेमका कोणाला मिळतो?

खापरखेड्याच्या मुलांना नागपूरची व्हीएनआयटी घराजवळची. पण एनआयटीतल्या निम्म्या जागांचा ‘होम स्टेट’ कोटा घराच्या पत्त्यावर ठरत नाही. बारावी कोणत्या राज्यातून पास झाली, त्यावर ठरतो. क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केली, की होम स्टेट राजस्थान. मग जयपूरची एनआयटी ‘घरची’ आणि नागपूरची परराज्यातली! अकरावीचा फॉर्म भरतानाच हे ठरून जातं.

शिक्षण शुल्क दोन्हीकडे जवळपास सारखंच. वाढतो तो हॉस्टेल, मेस आणि प्रवासाचा खर्च.

राज्याच्या सरकारी कॉलेजांचा हिशेब वेगळा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण परराज्यातल्या कॉलेजात ही सवलत मिळत नाही.