अकरा वाजून सात मिनिटं

25 नोव्हेंबर 2012. ब्राझीलच्या इंटरलागोस सर्किटवर मिखाएल शूमाकर फॉर्म्युला वनमधली शेवटची शर्यत सातव्या क्रमांकावर संपवतो. नावावर 91 विजय आणि 7 विश्वविजेतेपदं. 1999 मध्ये सिल्व्हरस्टोनला उजवा पाय मोडला होता. 2009 मध्ये मोटरसायकलवरून पडून मानेला मार बसला होता. दोन्ही वेळा तो उभा राहिला. आता वय 43, आणि निवृत्ती, कायमची.

29 डिसेंबर 2013, रविवार. सकाळ. फ्रेंच आल्प्समधलं मेरिबेल. शूमाकरचं इथे स्वतःचं घर आहे. हे डोंगर त्याला नवे नाहीत आणि स्कीइंगमध्ये तो मुरलेला आहे. पाच दिवसांनी, 3 जानेवारीला, तो 45 वर्षांचा होणार आहे. आज सोबत 14 वर्षांचा मुलगा मिक आणि काही मित्रमंडळी आहेत.

त्या सकाळी काय ठाऊक होतं, हे आधी पाहू. हंगाम नुकताच सुरू झालेला. वर सोलीर शिखराची उंची 2,738 मीटर. आखलेल्या मार्गांवर रात्री यंत्रं फिरतात, बर्फ दाबून सारखा करतात. कडेला खांब रोवलेले असतात. उतरताना उजव्या हाताच्या खांबांचं टोक नारिंगी असतं, म्हणजे धुक्यातही आपण कुठल्या कडेला आहोत ते कळावं. खांबांच्या आत जे आहे त्याची काळजी रिसॉर्ट घेतं. खांबांच्या बाहेर ना यंत्र फिरतं, ना कोणी दगडाभोवती खूण लावतं. तिथे जाण्यावर सरसकट बंदी नसते. तिथलं ज्याचं त्याने पाहायचं असतं.

डिसेंबरअखेरीस बाहेरचा बर्फ खोल दिसतो, पण त्याच्या तळाशी अजून भक्कम थर बसलेला नसतो. फेब्रुवारीत जो दगड मीटरभर खाली गेलेला असतो, तो आता पृष्ठभागाला टेकलेला असतो. स्की करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

11 वाजण्याच्या सुमारास. दां द बुर्जां शिखराच्या खालच्या उतारावर, साधारण 2,700 मीटरवर, एक लाल आणि एक निळा मार्ग जवळ येतात. लाल मार्ग मोद्वी, अवघड. निळा बिश, सोपा. दोघांच्या मधला पट्टा कोणीही न दाबलेल्या बर्फाचा. जो मार्ग सोडायचा, त्याच्या इतक्या जवळ की तो सोडला असं वाटतच नाही. हिमकडा नाही, दरी नाही, हिमस्खलनाचा उतारही नाही.

शूमाकरच्या प्रवक्त्या साबिना केम यांनी नंतर सांगितलेला क्रम असा: गटातला एक मित्र पडला, शूमाकर त्याच्या मदतीला थांबला, मग तो त्या मधल्या खोल बर्फात शिरला.

11:05 च्या आसपास. हेल्मेटवर छोटा कॅमेरा आहे आणि तो चालू आहे. पुढे तपास अधिकाऱ्यांच्या हाती जे चित्रण लागलं, ते जेमतेम दोन मिनिटांचं होतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष: वेग बेफाम नव्हता. अशा उतारावर चांगला स्कीपटू ज्या वेगाने जाईल, तोच. या घटनेबद्दल सर्वाधिक चुकीचं बोललं गेलं ते इथेच. आयुष्यभर वेगाशी खेळलेला माणूस वेगानेच पडला असणार, असं जगाने गृहीत धरलं. चित्रण तसं सांगत नाही.

11:07. तो मार्गाच्या कडेपासून 3 ते 6 मीटर बाहेर आहे. स्की एका दगडावर आदळते. दगड बर्फाच्या पातळीला, जेमतेम दिसेल न दिसेल असा. तोल जातो, शरीर पुढे फेकलं जातं. उताराच्या दिशेने साडेतीन मीटरवर दुसरा दगड आहे. डोक्याची उजवी बाजू त्यावर आदळते. हेल्मेट फुटतं. तो जिथे थांबतो, तिथून मार्गाची कड 9 मीटरवर आहे.

पुढची काही मिनिटं. रिसॉर्टचं बचाव पथक पोहोचतं, हेलिकॉप्टर मागवलं जातं. जखमी शुद्धीवर आहे. थोडा हादरलेला, पण शुद्धीवर, असं रिसॉर्टकडून सांगितलं जातं आणि पहिली बातमी याच शब्दांत जगभर जाते. ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. डोक्याच्या दुखापतीत मात्र शुद्धीवर असणं हा दिलासा नसतो. कवटीच्या आत रक्त साकळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस बोलू शकतो, हातपाय हलवू शकतो. दाब वाढत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

दुपारी 12 च्या आगेमागे. हेलिकॉप्टर त्याला खोऱ्यातल्या मुटिएच्या रुग्णालयात नेतं. तिथे थांबून चालणार नाही, हे लवकरच स्पष्ट होतं. मेंदूची शस्त्रक्रिया करणारं मोठं केंद्र ग्रनोबलला आहे.

12:40. ग्रनोबल विद्यापीठ रुग्णालय. दाखल होतानाची नोंद: डोक्याला गंभीर इजा, कोमा. तातडीने मेंदूवर शस्त्रक्रिया सुरू होते. दगडाला धडकून 93 मिनिटं झाली आहेत.

दुपार. बाहेर अजून सकाळचीच बातमी फिरते आहे: किरकोळ अपघात, धोका नाही.

रात्री. रुग्णालयाचं निवेदन येतं. प्रकृती चिंताजनक.

30 डिसेंबर, सकाळी. डॉक्टर पत्रकारांसमोर बसतात. मेंदूत ठिकठिकाणी रक्तस्राव आणि सूज आहे. शरीराचं तापमान 34 ते 35 अंशांवर आणून त्याला कृत्रिम कोमात ठेवलं आहे. हेल्मेट नसतं तर तो इथवर पोहोचलाच नसता, असं ते सांगतात. पुढे काय होईल, यावर बोलायला नकार देतात.

30 डिसेंबर, रात्री. दुसरी शस्त्रक्रिया. साकळलेलं रक्त काढलं जातं.

8 जानेवारी 2014. आल्बेरव्हिल. सरकारी वकील पात्रिक कँसी मीटरांमध्ये बोलतात: 3 ते 6, साडेतीन, 9. रिसॉर्टने लावलेल्या खुणा नियमांप्रमाणे होत्या.

17 फेब्रुवारी. तपास बंद. कोणाकडूनही कायद्याचा भंग झालेला नाही.

16 जून. शूमाकर कोमातून बाहेर आल्याचं जाहीर होतं. त्याला ग्रनोबलहून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या रुग्णालयात हलवलं जातं. अपघाताला 169 दिवस झाले आहेत. 9 सप्टेंबरला तो घरी नेला जातो. उपचार तिथे सुरू राहतात. त्यानंतर त्याच्या प्रकृतीबद्दल कुटुंबाने जवळपास काहीच सांगितलेलं नाही, आणि हा त्यांचा हक्क आहे.