सोडवल्याच्या उलट क्रमाने

काही वर्षांपूर्वी हैदराबादला, आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात, मला एक तेलकट पुस्तक मिळाले. मुखपृष्ठावर गाडीचे चित्र होते, पण पत्रा पारदर्शक केल्यासारखे: इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगा, सारे एकदम दिसणारे. आत काळ्या अंगठ्यांचे ठसे होते. मला गाडी चालवता येत नाही. तरी ते पुस्तक मी घेतले, ते त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका सूचनेमुळे. एखादा भाग कसा सोडवायचा हे पायरीपायरीने सांगून झाले की शेवटी ठरलेली ओळ येई: जोडणी याच्या उलट क्रमाने करावी. अनुवाद हा माझा व्यवसाय आहे. ती सूचना वाचून मला हसू आले, आणि मागोमाग थोडी धास्तीही वाटली.

पुस्तक ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचे होते. दोन माणसांची ही उघडी स्पोर्ट्स कार 1958च्या मे महिन्यात मोनॅकोत लोकांसमोर आली. रचना डोनाल्ड हीली यांच्या कंपनीची, आणि ती बनत असे ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात. तरुणांना परवडेल अशी गाडी करायची होती, म्हणून तिच्यात खास तिच्यासाठी घडवलेले फार थोडे होते. 948 सीसीचे इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन ऑस्टिन ए35कडून घेतलेले, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे. दारांना बाहेरून मूठ नाही. डिकीला झाकण नाही. सामान ठेवायचे तर सीट पुढे लोटून आत हात घालायचा. पुढचे दिवे मिटते ठेवायचा बेत खर्चापायी सोडला गेला आणि दिवे बॉनेटवर उभे राहिले. त्यावरून तिला ‘बेडूकडोळी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. एक सोय मात्र अशी होती, की बहुतेक महागड्या गाड्यांनाही ती नव्हती. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड मिळून एकच मोठे झाकण होते. ते उचलले की इंजिनापासून पुढच्या चाकांपर्यंत सगळे उघडे पडे. घरच्या अंगणात पाना घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून मोठे आमंत्रण कोणते?

हे घराणे आपल्यालाही परके नाही. स्प्राइटचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए-मालिकेतले. त्याचे थोरले भावंड म्हणजे बी-मालिकेतले 1489 सीसीचे इंजिन. ते 1955च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होते, आणि त्याच घडणीचे इंजिन पुढे हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्ये आले. कोलकात्यापासून कोचीपर्यंतच्या मिस्त्रींनी एका स्पोर्ट्स कारचे इंजिन वर्षानुवर्षे खोलले आणि बसवले; फक्त ते टॅक्सीच्या बॉनेटखाली होते. त्यांचे ज्ञान हातातून हातात गेले. ब्रिटनमध्ये ते ज्ञान पुस्तकात कसे आले, याची कथा मात्र ब्रिटनबाहेर घडते.

जॉन हेन्स यांचा जन्म 1938चा, सिलोनमधल्या चहाच्या मळ्यातला. शिकायला ते इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या वसतिशाळेत गेले. रग्बीच्या तासाला सूट मिळवून त्यांनी तिथे एका जुन्या ऑस्टिन सेव्हनची हलकी स्पोर्ट्स कार केली, आणि ती कशी केली यावर 1956मध्ये एक पुस्तिका काढली. 250 प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे ते हवाईदलात गेले. 1965मध्ये त्यांची नेमणूक एडनला होती. वसाहतीचे ते अखेरचे, अशांत दिवस. तिथे एका सहकाऱ्याने मोडकळीला आलेली स्प्राइट विकत घेतली आणि हेन्स यांची मदत मागितली. कंपनीचे मॅन्युअल उघडल्यावर त्यांच्या लक्षात आले, की ते आपल्यासारख्यांसाठी लिहिलेलेच नाही. वाचणाऱ्याकडे सुसज्ज वर्कशॉप आहे, खास हत्यारे आहेत आणि निम्मे काम त्याला आधीच येते, असे ते धरून चालत होते. हेन्स यांनी कॅमेरा आणला, गाडी पुरी सोडवली, पुन्हा जोडली आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढला. 1966मध्ये त्याचे पुस्तक झाले. पहिल्या आवृत्तीच्या 3,000 प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या.

वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक बदल दिसतो. कंपनीचे मॅन्युअल जाणत्याने जाणत्यासाठी लिहिलेले होते. हेन्स यांच्या पुस्तकात लिहिणाऱ्याने ते काम स्वतःच्या हातांनी नुकतेच केलेले असे; बोट कुठे अडकते हे त्याला आठवत असे. फोटोंत हात दिसत. विकत घेतलेली वस्तू समजून घेण्याचा हक्क विकत घेणाऱ्यालाही आहे, हे त्या पुस्तकाने कुठलीही घोषणा न देता मांडले.

उलट क्रमाची युक्ती मात्र त्याआधीची. 1957मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही छोटी गाडी आणली. सुट्या भागांचा संच घेऊन ती घरी जोडली, तर ब्रिटनमधला खरेदीकर लागत नसे. त्याबाबत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: नियमाप्रमाणे संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून कंपनीने गाडी सोडवण्याच्या सूचना दिल्या, गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या.

पण जुनी गाडी उलट क्रमाने मुळाशी परत जात नाही. मधली वर्षे तिच्यात मुरलेली असतात. स्प्राइटला वेगळी चॅसी नाही; पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालचे उंबरे बाहेरून निव्वळ शोभेची पट्टी वाटतात, पण गाडीचा कणा तेच. गंजलेले उंबरे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी सळई जोडून घ्यावी लागते. नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर दार लागतच नाही. सुरुवातीच्या स्प्राइटच्या मागच्या स्प्रिंगा सीटमागच्या पत्र्याला धरलेल्या. तिथला गंज रंगाने झाकणे म्हणजे जिवाशी खेळ.

शिवाय नुसती दुरुस्ती भागत नाही. काळ बदललेला असतो. ब्रिटनने 2000च्या आरंभी शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद केली. ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करत होते, म्हणून हेड उतरवून त्यात कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागल्या. पहिल्या स्प्राइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. 1962च्या मॉडेलला पुढे डिस्क आले, आणि लोक ते जुन्या गाडीला लावू लागले. कोणी डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवतो. मग बॅटरीचे बॉडीला जोडलेले धन टोक बदलून ऋण टोक जोडावे लागते. कोणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालतो. कोणी 948 सीसीच्या जागी त्याच मालिकेतले 1275 सीसीचे इंजिन, कोणी फोर्डचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. मग 1958च्या गाडीतले काय उरले?

ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यापुढेही हा प्रश्न होता. फार बदललेल्या गाडीने जुना नंबर ठेवावा का, हे ठरवायला त्यांनी अनेक वर्षे गुण वापरले. मूळ चॅसी किंवा बॉडीला पाच. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्ससह ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. आठ गुण झाले की गाडी तीच. बॉडी कारखान्याकडून आलेली नवीकोरी असली तरी पाच गुण मिळत, पण घरी कापून तिच्यात फेरफार केला की ते जात. 1988पासून एमजीबीच्या बॉडी जुन्याच साच्यांवर पुन्हा बनू लागल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ तर्काचा नव्हता. ज्याला आपण गाडीचे हृदय म्हणतो ते इंजिन बदलले तर ओळख फारशी हलत नाही; जो सांगाडा कोणी पाहत नाही, तो हलला की गाडी दुसरी होते.

हे सगळे मी वाचत होते ते एका अडचणीत असताना. एका प्रकाशकाने साठेक वर्षांपूर्वीचा एका कादंबरीचा मराठी अनुवाद ‘आजच्या भाषेत’ आणायला माझ्याकडे दिला होता. मूळ अनुवादक हयात नव्हते. मी हौसेने सुरुवात केली आणि पहिल्या प्रकरणात ‘आगगाडी’च्या जागी सगळीकडे ‘ट्रेन’ केले. पुढे एका प्रसंगात रात्री जागे झालेले मूल लांबून येणाऱ्या गाडीला घाबरते. त्या अनुवादकांनी मुलाची सगळी भीती ‘आग’ या शब्दावर उभी केली होती. माझ्या ‘ट्रेन’ने तो प्रसंग मधोमध वाकला. मी उंबरा कापला होता, आधार न देता.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांचा आणि भर घातलेल्या ओव्यांचा गंज खरवडून. त्यांनी आपली ओवी त्यात मिसळली नाही, आणि इतरांनाही तसे न करण्याचे बजावले. मला तेवढा संयम जमला नाही. डिस्क ब्रेक मी बसवलेच. अर्थ अडेल असे शब्द बदलले, चुकीच्या तारखा सुधारल्या. ‘आगगाडी’ मात्र पुन्हा जागेवर गेली. प्रकाशकाला ती जुनाट वाटली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ती राहिली, माझे मानधन थोडे कमी झाले.

जॉन हेन्स 2019मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीने नव्या गाड्यांची मॅन्युअल कागदावर छापणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की समोर प्लॅस्टिकचे झाकण येते, आणि बिघाड सांगायला संगणक लागतो. कंपनीचे मॅन्युअल पुन्हा जाणत्यांपुरते होऊ पाहते आहे.

माझ्या प्रतीत स्टार्टर मोटरच्या पानावर, उलट क्रमाच्या त्या ओळीपाशी, कोणीतरी पेन्सिलीने इंग्रजीत लिहून ठेवले आहे: नाही, आधी वरचा बोल्ट हातानेच दोन वेढे लावून ठेव, मग खालचा. लिहिणाऱ्याचे नाव नाही. शेजारी अंगठ्याचा ठसा आहे. हाताखालची कुठलीही जुनी प्रत उलगडताना मी आता आधी समास पाहते.