बूट, चेंडू आणि माझा घोटा

तर मंडळी, गेल्या महिन्यात हापिसातल्या पोरांनी टूम काढली, शनिवारी सकाळी इनडोअर फुटबॉल खेळायचा. हॉल मिळाला, लाकडी फ्लोअरवाला. मी शाळेत लेफ्ट हाफ होतो, त्यामुळे अंगात आलंच. कपाटातले धावायचे बूट काढले. मॅरेथॉनच्या नादात घेतलेले, चांगले महागातले. चौथ्याच मिनिटाला एकदम डावीकडे वळायला गेलो, बूट आडवा झाला आणि घोटाही! तीन आठवडे क्रेप बँडेज. आईचं पालुपद सुरू, "तिशी उलटली ना रे तुझी? गुमान कॅरम खेळ की!"

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "बूट कोणते होते?" मग पडल्या पडल्या इतिहास वाचत बसलो. बग सापडला तो थेट १९३० सालात.

त्या वर्षी उरुग्वेने पहिला विश्वचषक भरवला आणि फायनलमध्ये अर्जेंटिनाला ४-२ हरवून जिंकलाही. माँटेव्हिडिओत फुटबॉलचं वेड शिगेला पोचलेलं. तिथल्या वायएमसीएमधले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी त्याच वर्षी हॉलमध्ये खेळता येईल असा पाच-पाच जणांचा फुटबॉल बसवला. हाच आजचा फुटसाल. नियम करताना गड्याने चक्क कॉपी-पेस्ट केलं :-) खेळाडूंची संख्या आणि वेळ बास्केटबॉलची, गोलपोस्ट हँडबॉलचा, गोलकीपरचे नियम वॉटरपोलोचे. गंमत म्हणजे बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५) हेही वायएमसीएच्याच हॉलमध्ये जन्मलेले. तिन्ही खेळांना खाली तोच लाकडी फ्लोअर!

आणि सगळी गोम तिथेच आहे. मैदानावर बुटाचे स्टड मातीत रुततात म्हणून पकड मिळते. लाकडात काय रुतणार? तिथे पकड येते ती रबराच्या घर्षणातून. म्हणून तळवा सपाट आणि रबरी हवा, शिवाय फ्लोअरवर डाग न पाडणारा.

दुसरी गोष्ट चेंडूची. नेहमीचा फुटबॉल हॉलमध्ये फार उसळतो. ब्राझीलमध्ये सुरुवातीला चेंडूत भुसा, घोड्याचे केस, बुचाचे तुकडे असं काय काय भरून बघितलं. आजचा फुटसालचा चेंडू ४ नंबरचा, घेर ६२ ते ६४ सें.मी., आणि २ मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सें.मी.च. चेंडू जमिनीलगत राहतो, म्हणून तो पायाच्या तळव्याने थांबवायचा, ओढायचा. त्यासाठी बुटाचा तळ पातळ पाहिजे, चेंडू पायाला कळला पाहिजे. माझ्या धावायच्या बुटाला टाचेखाली जाड फोम होता. सरळ पळायला उत्तम, पण आडवं वळताना ती उंचीच घोट्यावर उलटते.

आता आदिदासचा सांबा घ्या. हल्ली लोक तो घालून कॉफी प्यायला जातात. पण १९५० च्या सुमारास तो निघाला बर्फाने गोठलेल्या, टणक मैदानांवर सराव करता यावा म्हणून. टणक जमिनीला चिकटणारा तळ हॉलमध्ये चालणारच!

पण थांबा, "इनडोअर" म्हटलं की सगळीकडे लाकूडच असतं असं नाही. अमेरिकेत १९७८ साली इनडोअर सॉकरची मोठी लीग सुरू झाली, ती कृत्रिम गवतावर आणि चारी बाजूंना बोर्ड लावून. तिथले बूट वेगळे, खाली रबराचे बारीक बारीक दाणे. आपल्या पुण्या-मुंबईतली "टर्फ" याच घराण्यातली. तिथे सपाट तळवा घसरतो, आणि दाणेवाला बूट लाकडावर नीट टेकत नाही. म्हणजे दुकानात जाण्याआधी प्रश्न एकच, खाली काय आहे?

हा धडा आपल्या देशाने फार महागात घेतलाय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी जेमतेम २-१ ने हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. समोरचा संघ तगडा होताच, पण त्या मैदानावर अनवाणी पाय काही कामाचे नव्हते.

बाकी सामान फारसं नाही. जर्सी, शॉर्ट्स, लांब मोजे आणि आत शिनगार्ड. शिनगार्ड नियमानेच सक्तीचे आहेत, आळस करू नका. ते आले क्रिकेटमधून! १८७४ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम वेलर विडोसनने क्रिकेटचे पॅड कापून नडग्यांना बांधले. लोक हसले असतील, पण नडगी वाचली. गोलकीपरला लांब पँट चालते. लाकडावर गुडघे घासले की का ते कळतं. अंगठी, घड्याळ, कडं काढून बॅगेत.

असो. मी सपाट गम सोलचे बूट घेतले. दुकानातच चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे उड्या मारून बघितल्या, सेल्समन बघत राहिला. परवा पुन्हा खेळलो, जपून. एक नवीन पोरगा जाड फोमचे धावायचे बूट घालून आला होता. त्याला काही न बोलता गोलात उभा केला. मॅच संपल्यावर मात्र चहा पाजून ही सगळी कथा ऐकवली.

आईला अजून पटलेलं नाही. कॅरम बोर्ड तिने माळ्यावरून काढून ठेवलाय.