गेलेला काळ आणि चालती वारी

दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली, म्हणून मंडळींनी आम्हाला जुन्या काळावर चार ओळी लिहायला सांगितल्या. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. पण जुन्या गोष्टींचा नाद लहानपणापासून. पारावर कुणी म्हातारं आठवणी काढायला लागलं की आमचा पाय तिथून निघायचा नाही.

आता आम्हीच त्या पारावर बसतो आणि रोज एकच बोलणं ऐकतो, "पूर्वीची वारी राहिली नाही." पूर्वी फडक्यात बांधलेली भाकरी, चटणी, कांदा. उजेडाला कंदील, मुक्कामाला झाडाखालची जागा. आता टँकर आला, तंबू आला, हातात मोबाईल आला. ऐकताना आमचाही जीव हळहळतो.

पण माउली, जरा इतिहास बघा. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत आली. रूळ अवघा अडीच फुटांचा. आज रूळ रुंद झाला, तरी म्हातारी माणसं त्या छोट्या गाडीची आठवण मायेनं काढतात. ती नवी होती तेव्हा मात्र त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी, "लोक गाडीत बसाय लागले, आता कसली वारी," असंच म्हटलं असणार. प्रत्येक पिढीला मागची पिढी गोड लागते.

बहात्तरच्या दुष्काळाचंच घ्या. आम्ही पोरं होतो. आईबाप खडी फोडायला जायचे, घरात मिलोची लालसर भाकरी, पोरांना सुकडी. ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती. आज मात्र बायाबापड्या म्हणतात, "बहात्तरला माणसाला माणूस धरून होतं." खरं आहे ते. पण भूकही खरी होती. आठवण मायेला धरून ठेवते आणि भुकेला विसरते.

आणि जुन्या काळात नुसती माया नव्हती. यात्रेत पटकी शिरली की घरून निघालेलं माणूस परत येईल का नाही, याचा भरवसा नसायचा. चोखोबारायांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ. त्यांच्या लेकरांनी किती पिढ्या तिथूनच कळसाला हात जोडले! साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं, १० मे रोजी ते सुटलं आणि देवाचं दार सगळ्यांना खुलं झालं. म्हणजे आपल्या दिंडीची पहिली वीस-बावीस वर्षे ते दार काहींना बंदच होतं. जुन्या वारीचं गुणगान करताना हे सांगायचं राहून जातं. आम्ही ते इथं मुद्दाम लिहितो, म्हणजे नातवंडांना कळेल.

मग जुनं सोडून द्यायचं का? छे! वारकऱ्याला ते जमणारच नाही. माउलींनी १२९६ साली समाधी घेतली. सातशे वर्षे उलटून गेली, तरी आषाढीला, "माउलींची आठवण निघाली," असं कोण म्हणतं? "माउली निघाली" असंच म्हणतात. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सुरू केली. पुढं हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, चोपदाराचा दंड वर झाला की लाखोंचा आवाज थांबतो. २०२० साली रोगराईमुळं पायी वारी बंद राहिली, तेव्हा पादुका एसटीत बसून पंढरीला गेल्या. वाहन बदललं, पण माउली पोचलीच.

गेल्या काळाची ओढ लागली की आम्ही हेच मनाशी धरतो. मागं जायची वाट नाही. जे चांगलं आहे ते खांद्यावर घेऊन पुढं चालायचं. खळ्यावर ज्वारी वाऱ्याला धरतात, भूस उडून जातं, दाणा खाली राहतो. तसं जुनं उफणून घ्यावं. विणा खाली ठेवायचा नाही, मागं राहिलेल्या म्हातारीसाठी दिंडीनं थांबायचं, कुणाच्याही पाया पडायला लाजायचं नाही, हा दाणा. वेगळी पंगत, बंद दार हे भूस. ते वाऱ्यावर जाऊ द्या.

पुढच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात आजचे टँकर आणि तंबू सुद्धा कुणाला गोड लागतील. तेव्हाच्या पोरांनीही ते उफणूनच घ्यावं, एवढी माउलीचरणी विनंती.

रामकृष्ण हरी.