देवळालीचा ताप

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. पुण्याच्या दिशेनं निघालं की नाशिकरोड लागतं आणि तिथून वळलं की देवळाली कॅम्प. या देवळालीनं इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज लोक 'डुलॅली' म्हणतात. ते आपलं देवळालीच. मूळ शब्दप्रयोग होता 'डुलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

शब्द ऐकून हसू येतं. बीबीसीनं १९७४ साली याच छावणीच्या पार्श्वभूमीवर एक विनोदी मालिकाही सुरू केली होती. पण ज्यांच्यामुळं हा शब्द जन्माला आला, त्या माणसांची गोष्ट हसण्यासारखी नाही.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातली गोरी फौज वाढवली. १८६० च्या दशकात देवळालीला छावणी उभी राहिली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदर जवळ झालं. नोकरीची मुदत भरलेला गोरा शिपाई मायदेशी जायला देवळालीत येऊन थांबे. पण सैन्याची जहाजं साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला की पुढची जहाजं लागेपर्यंत मुक्काम इथंच. काम नाही, जबाबदारी नाही, घर अजून दूर आणि पलटण मागं राहिलेली. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात त्यानं या छावणीबद्दल लिहिलं आहे. वर्षानुवर्षं नेकीनं वागलेले शिपाई तिथं येऊन बिघडत, आणि या वाक्प्रचाराचं मूळ तिथल्या रिकामपणात असावं, असा त्याचा कयास होता.

आता गंमत बघा. देवळालीची हवा तर थंड आणि निरोगी म्हणून प्रसिद्ध. मुंबईची पारशी मंडळी हवापालटासाठी इथं येत. तेव्हा सगळा दोष उन्हाच्या माथी मारणं पटत नाही. काहींना हिवतापही असेल. पण बाकीच्यांचा ताप थर्मामीटरवर दिसणारा नव्हता. लढाईत किंवा कवायतीत माणूस स्वतःला सावरून धरतो. ते सगळं थांबलं आणि हात रिकामे झाले की आत दाबून ठेवलेलं वर येतं. मग हाताशी असते ती दारू.

ज्यांची नोकरी इथंच सुटली, त्यांतले काही जहाजापर्यंत पोचलेच नाहीत. गोरे भिकारी म्हणून ते स्टेशनांवर आणि बाजारात भटकू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रं अशांना 'लोफर' म्हणत. हा शब्द आपल्याकडं अजून शिवी म्हणून चालतो. सरकारनं १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७४ मध्ये युरोपियन भटक्यांसाठी खास कायदा केला. पकडायचं, सरकारी वर्कहाउसमध्ये ठेवायचं, काम मिळालं नाही तर विलायतेला रवाना करायचं. सरकारला मुख्य चिंता होती ती राज्यकर्त्यांच्या अब्रूची. वेडे ठरलेल्या शिपायांसाठी इंग्लंडमध्ये नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात १८७० पासून वेगळी इमारत होती.

ही झाली गोऱ्या शिपायांची कथा. आपल्या शिपायांचं काय? पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. त्यात मराठा पलटणीही होत्या. कुतच्या वेढ्यात ही फौज जवळजवळ पाच महिने अडकली, भुकेनं खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिनं शरणागती पत्करली. त्यानंतरच्या कैदेत कितीतरी माणसं गेली. जे परतले ते सातारा-रत्नागिरीकडच्या आपापल्या गावी गेले आणि गप्प राहिले.

हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. पुढं ते खडकीला गेलं. सैनिकांच्या कल्याणासाठी १९१९ मध्ये मंडळ स्थापन झालं, तेच आजच्या केंद्रीय सैनिक मंडळाचं मूळ. तुटलेला पाय दिसतो, म्हणून त्यासाठी शाळा निघाली. मोडलेली झोप दिसत नाही. तसं पाहिलं तर चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं १९१५ मध्येच 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. पण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर मानसिक विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धानंतर.

मी इतिहासाचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण तीन वर्षांपूर्वी हा इतिहास मला द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली भेटला. साठीच्या पुढचे एक गृहस्थ तिथं झोपत. दिवसभर प्यायलेले. आसपासचे चहावाले त्यांना 'फौजी' म्हणत, अर्ध्या चेष्टेनं. सकाळी मात्र त्यांची फाटकी चादर चारी कोपरे जुळवून घडी केलेली असायची. मी एकदा विचारलं, "काका, कुठल्या युनिटचे?" ते उठून उभे राहिले आणि त्यांनी सैन्यातला नंबर सांगितला, न अडखळता. तोफखान्यात होते, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला जाऊन आले होते. १९८७ ते १९९० या काळात तिथं आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. "झोप लागत नाही साहेब, म्हणून घेतो," एवढंच ते म्हणाले.

पुढं जे शिकलो ते सांगतो, कारण ते कुणाच्याही उपयोगाचं आहे. पहिली गोष्ट, दारू एकदम तोडायला लावू नये. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ते काम रुग्णालयातच व्हावं लागतं. दुसरी गोष्ट, कागद नाहीत म्हणून माघारी फिरू नये. डिस्चार्ज बुक हरवलं तरी नंबरावरून नोंद सापडते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस तर नाशिकरोडलाच आहे. म्हणजे हे गृहस्थ जिथं उघड्यावर झोपत होते, तिथून काही किलोमीटरवर त्यांच्या सगळ्या नोकरीची नोंद जपून ठेवलेली होती! पेन्शन असेल तर २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचाही आधार मिळतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. मनोविकारामुळं स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस रस्त्यावर भटकताना आढळला, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं आहे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं आहे. कोठडीत ठेवायचं नाही. १८७४ चा कायदा आणि हा कायदा शेजारी ठेवून वाचा, दीडशे वर्षांत काय बदललं ते कळेल.

आणि चौथी गोष्ट, नुसती दारू सुटून भागत नाही. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राला हळूहळू पटत गेलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्याकडं मराठीतूनही चालतात. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू करणारा बिल विल्सन पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा अधिकारी होता आणि त्याची दारू सैन्यात असतानाच सुरू झाली होती. पण दारूखाली दडलेल्या आघातावर वेगळा उपचार लागतो. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ हवा. '१४४१६' या सरकारी टेलिमानस क्रमांकावरही सल्ला मिळतो.

त्या गृहस्थांचं सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. रुग्णालयातून आल्यावर दोनदा पुन्हा घसरले. पण पेन्शनचं खातं पुन्हा चालू झालं, भाड्याची खोली मिळाली, गावाकडून पुतण्या येऊन भेटून गेला. बायको-मुलं आली नाहीत. त्यांनी जे सोसलं असेल, ते पाहता त्यांना दोष देता येत नाही.

देवळालीत थांबलेल्या शिपायांना सरकार जहाज देत होतं. जहाज येईपर्यंतच्या दिवसांत ते कसे जगतात, याची विचारपूस फारशी कुणी केली नाही. म्हणून एका गावाचं नाव वेडेपणाला चिकटलं. आज आपल्या रस्त्यांवर, स्टेशनांवर, घाटावर असा माणूस दिसला तर पैसे देऊ नका, उपदेशही करू नका. सकाळी, शुद्धीत असताना, त्यांना कुठल्या युनिटचे ते विचारा. नंबर सांगितला तर लिहून घ्या आणि सैनिक कल्याण कार्यालयात जा.