अ‍ॅब्सोल्यूट व्होडका
गव्हापासून बनवलेल्या व्होडकाची स्वीडिश नाममुद्रा. उत्पादन दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात, ओहुस गावाच्या परिसरात होते. हिवाळी गव्हाच्या पिठाचे किण्वन केल्यावर अखंड पद्धतीच्या ऊर्ध्वपातनाने अशुद्ध घटक काढतात व विहिरीचे पाणी मिसळून अल्कोहोलचे प्रमाण ४० टक्क्यांवर आणतात. हे मद्य पिंपात मुरवत नाहीत. मद्यउद्योजक लार्स ऊल्सॉन स्मिथ यांनी १८७९ मध्ये स्टॉकहोममध्ये विक्रीस आणलेल्या शुद्ध मद्याशी या नाममुद्रेचा वारसा जोडला जातो. ‘व्हिन अँड स्प्रिट’ या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये ती अमेरिकेत आणली. औषधाच्या जुन्या स्वीडिश बाटलीवरून घडवलेली, कागदी लेबल नसलेली पारदर्शक बाटली हेच तिच्या जाहिरातींचे मुख्य पात्र ठरले. अँडी वॉरहॉल यांनीही ही बाटली चितारली. रशियन व्होडकाचा दबदबा असलेल्या आयात व्होडकाच्या बाजारात तिने अमेरिकेत आघाडी घेतली. पुढे ‘ग्रे गूस’सारख्या अधिक महाग नाममुद्रांशी तिची स्पर्धा सुरू झाली. खपात ‘स्मर्नॉफ’ तिच्या पुढे आहे. २००८ मध्ये फ्रान्सच्या पेर्नो रिकार कंपनीने स्वीडिश सरकारकडून ‘व्हिन अँड स्प्रिट’ विकत घेतली. उत्पादन मात्र ओहुस परिसरातच राहिले.